लांजेवार काका आणि उरलेला छर्रा

लांजेवार काका तुमच्याशी बोलायच्या आधी तुमच्या सायकलशी बोलतात. तुम्ही फाटकापाशी सायकल उभी करून नमस्कार करता. काका नमस्कार घेत नाहीत. एका हातानं हँडल धरून पुढचं चाक जमिनीवरून उचलतात, दुसऱ्या हातानं त्याला गरकन फिरवतात आणि हँडलला कान लावून डोळे मिटतात. चाक फिरत राहतं, तुम्ही हात जोडून उभे. रस्त्यानं जाणाऱ्याला वाटावं, इथे कोणाला तरी श्रद्धांजली चालू आहे. मग काका डोळे उघडतात आणि घरातली वाईट बातमी सांगावी अशा खालच्या आवाजात म्हणतात, "कोरडं हाय गा. उघडू का?"

या प्रश्नाला उत्तर देण्यात अर्थ नसतो. तुम्ही 'नको काका, पुढच्या आठवड्यात बघू' एवढं म्हणेपर्यंत सायकल उलटी झालेली असते, खाली कालचा पेपर अंथरलेला असतो आणि काकांच्या हातात पाना आलेला असतो. तो पाना कुठून येतो हे मला अजून कळलेलं नाही. काका नुसत्या बनियनवर असले तरी येतो.

आमची कॉलनी नागपुरातली, मानेवाड्याकडची. मी हिंगण्याच्या एका कारखान्यात खरेदी विभागात आहे. दिवसभर खुर्चीत बसून पोट पुढे आलं, तेव्हा डॉक्टरांनी पोटाकडे बोट दाखवून 'सायकल घ्या' म्हटलं. मी मोठ्या हौसेनं गिअरची सायकल घेतली. घरी आणली, बायकोनं, म्हणजे वैशालीनं, हळदीकुंकू वाहिलं, नारळ फोडायला मी आत गेलो आणि बाहेर येऊन पाहतो तर सायकल उलटी. शेजारचे लांजेवार काका तिच्यापुढे मांडी घालून बसलेले.

"काका, नवी आहे हो!"

"म्हणूनच तं. कंपनीवाले ग्रीस टाकते का गा? नुसतं बोट फिरवते," काका म्हणाले आणि त्यांनी पुढच्या चाकाचा नट ढिला केला.

ज्यांनी सायकलच्या चाकात कधी डोकावलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मलाही हे सारं काकांकडूनच कळलं. चाकाच्या पोटात दोन्ही बाजूंना लोखंडी छर्रे असतात, चिंचोक्याहून लहान. त्या छर्ऱ्यांवर चाक फिरतं. छर्ऱ्यांना ग्रीस लागतं. ग्रीस वाळलं की, काकांच्या भाषेत, 'छर्रा छर्ऱ्याले खाते'. म्हणून अधूनमधून सगळं उघडून, छर्रे डिझेलमध्ये धुऊन, नवं ग्रीस भरून पुन्हा बसवायचे. वरून जो कोन, म्हणजे शंकूसारखा नट, आवळायचा तो असा की चाक 'जाम नाही, ढिलं नाही'. हे काकांचं आवडतं वाक्य. ते भाजीच्या मिठापासून सरकार कसं असावं इथपर्यंत सगळ्याला लावतात.

तर त्या दिवशी माझ्या नव्या सायकलचा एक छर्रा काकांच्या बोटांतून निसटला, टणटणत ओट्यावरून उतरला आणि नालीत गेला. अख्खा रविवार आम्ही जुन्या स्पीकरचं चुंबक दोरीला बांधून नालीत गळ टाकून बसलो होतो. केसांच्या पिना लागल्या, बाटलीची झाकणं लागली, आमच्याच कपाटाची केव्हाची हरवलेली किल्ली लागली. छर्रा काही लागला नाही. शेवटी काका घरात गेले, खिडकीत ठेवलेली एक स्टीलची वाटी घेऊन आले आणि तिच्यातून त्यांनी एक छर्रा निवडून दिला. वाटी छर्ऱ्यांनी निम्मी भरलेली होती.

"एवढे कुठून आले?" मी विचारलं.

"उरते गा. दर खेपेले एखादा उरतेच. कंपनीवाले एक जास्ती टाकते, सेफ्टीसाठी."

मी खरेदी विभागातला माणूस. कुठलीही कंपनी कुठलीही वस्तू जास्तीची टाकत नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे. पण सायकल छान चालली. काकांमुळे चालली की काका असूनही चालली, हे मी कधी खोलात जाऊन पाहिलं नाही. कॉलनीत त्यांच्या हाताखालून न गेलेली सायकल नाही, आणि सगळ्या चालतात. काकांच्या अंगठ्याचा काळा ठसा मात्र सगळ्यांच्या घरी आहे. कोणाच्या बेलच्या बटणावर, कोणाच्या फाटकाच्या कडीवर. आमच्या फ्रिजवरही एक आहे आणि तो कशानंही निघत नाही. वैशालीनं शेवटी त्यावर लिंबू-मिरचीचं स्टिकर लावलं.

उन्हाळ्यात काकांचा जीव टांगणीला लागतो. नागपूरच्या मे महिन्यात माणसं दुपारी घराबाहेर पडत नाहीत. काका पडतात. डोक्याला दुपट्टा गुंडाळून, ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा घालून ते कॉलनीत गस्त घालतात आणि उन्हात उभी दिसेल ती सायकल ओढून सावलीत नेतात. "ग्रीस पाघळते ना गा!" मालक संध्याकाळी सायकल चोरीला गेली म्हणून बोंब मारत फिरतो, तेव्हा ती पाण्याच्या टाकीमागे ओल्या पोत्याखाली आरामात सापडते.

समोरच्या घरातल्या मुलाच्या लग्नात तर त्यांनी वरात थांबवली. नवरदेव बग्गीत बसलेला, पुढे बँड, मध्ये नाचणारे पोट्टे, आणि मागे आम्ही घाम पुसत चाललेले. मंगल कार्यालय समोर दिसत होतं. एवढ्यात काका एकदम बग्गीच्या पुढे जाऊन दोन्ही हात पसरून उभे राहिले. मुलीकडच्यांना वाटलं, आता हुंड्याचं काही तरी निघणार. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तर भिंतीचा आधार घेतला.

"मागचं चाक ऐकून राहिले का कोणी? रडून राहिलं ते!" काका ओरडले.

मग त्यांनी खिशातून ग्रीस काढलं. काका ग्रीस चुन्याच्या डबीत ठेवतात. त्या डबीपायी एकदा एका सज्जनाच्या तंबाखूत काय गेलं आणि पुढे काय झालं, ते सांगण्यासारखं नाही. ते असो. काकांनी बग्गीच्या चाकाला ग्रीस लावेपर्यंत बँडवाले एकच गाणं वाजवत राहिले. घोडा पेंगला. शिवाय काकांनी त्याच हातानं नवरदेवाच्या पाठीवर आशीर्वादाची थाप मारली. लग्नाच्या प्रत्येक फोटोत नवरदेव जरा तिरका उभा आहे.

कोणी फार कटकट केली की काका कोराडी काढतात. "आमच्या कोराडीले टर्बाइनची बेरिंग ह्या घराएवढी राहे." सगळ्यांना वर्षानुवर्षं वाटत होतं की काका कोराडीच्या वीज केंद्रात मोठे इंजिनिअर होते. मग एकदा त्यांचे एक जुने सहकारी भेटायला आले आणि आमच्यासमोरच हसत सुटले. "लांजेवार? अन् टर्बाइन? अरे, हा रजेचे अर्ज पाहे! टर्बाइनच्या बिल्डिंगीत एकदाच आला होता, तेबी कोनाच्या तरी निरोपसमारंभाले."

आम्ही काकांकडे पाहिलं. काका जरासुद्धा ओशाळले नाहीत. "मंग? रजाच तं देत होतो. माणूसबी जाम होते गा," ते म्हणाले आणि पाहुण्यांच्या स्कूटरकडे वळले.

काकांना मी एकदाच हताश झालेलं पाहिलं होतं. कॉलनीतल्या एकानं परदेशी बनावटीची सायकल आणली होती. काकांनी चाक उचललं, फिरवलं, ऐकलं. आवाजच नाही. मालक अभिमानानं म्हणाला, "काका, याचं बेरिंग सीलबंद आहे. उघडायचं नसतं. खराब झालं की अख्खं फेकून नवं टाकायचं."

"उघडताच येत नाही?"

"नाही."

काका ओट्यावर बसले. बराच वेळ त्या चाकाकडे पाहत राहिले. "मंग माणसानं करावं काय?" असं एवढंच म्हणाले आणि घरी गेले. त्या दिवशी त्यांनी कोणाची सायकल उलटी केली नाही.

आता काकूंबद्दल सांगायला हवं, कारण खरी गोष्ट त्यांचीच आहे.

शोभाकाकू म्हणजे गोऱ्या, गोल चेहऱ्याच्या, सदा हसऱ्या बाई. ओट्यावरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून त्या साऱ्या कॉलनीची खबर ठेवतात. बसून असायचं कारण त्यांचे गुडघे. डावा दुखरा होता आणि उजवा पार गेलेला. ओट्याची पायरी त्या अंग वळवून उतरायच्या, आधी एक पाय, मग भिंत धरून दुसरा. देवदर्शन सुटलं, लग्नकार्यं सुटली, हळूहळू फाटकही सुटलं. डॉक्टरांचं म्हणणं स्पष्ट होतं, की उजवा गुडघा बदला, नाही तर वर्षभरात खाटेवरून उठणं कठीण. पैशाची अडचण नव्हती. मुलगा हैदराबादहून सारखा फोन करायचा, धंतोलीतल्या दवाखान्यानं तारीखही दिली होती.

अडचण काकांची होती. ऑपरेशनचा विषय निघाला की काका उठायचे आणि मागच्या अंगणात जाऊन कोणतं तरी चाक फिरवत बसायचे. "पोळा होऊ दे," म्हणाले. मग पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक असते, तर "मारबत होऊ दे," म्हणाले. मग दिवाळी, मग थंडी, मग "आता एवढ्या उन्हात कोन उघडते गा गुडघा?" दोनदा मिळालेली तारीख त्यांनी परस्पर फोन करून रद्द केली.

काकू वरवर थट्टा करायच्या. "अजी, साऱ्या गावच्या चाकाले ग्रीस लावून राहिले, जरा माह्या गुडघ्याकडं पाहा ना!" आम्ही हसायचो. काका हसायचे नाहीत.

वैशालीला मात्र राग येऊ लागला होता. "कसला माणूस आहे हा? लोकांच्या सायकली न विचारता खोलतो आणि बायको भिंत धरून चालते तिकडे बघत नाही. यांना बायकोपेक्षा छर्रे प्यारे आहेत." मलाही तसंच वाटू लागलं होतं, हे कबूल करतो. कॉलनीत कोणी त्यांना कंजूष म्हणे, कोणी चक्रम म्हणे. मी चक्रमवर थांबलो होतो.

मग एके दिवशी काकू न्हाणीघराच्या उंबऱ्यावर घसरून पडल्या. काही मोडलं नाही, पण उठता येईना. काका एकटे, त्यांच्यानं उचलवेना. त्यांनी आम्हाला हाक मारली, मी आणि वैशालीनं मिळून काकूंना खुर्चीत बसवलं. काकू नेहमीप्रमाणे हसल्या नाहीत. त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि काकांकडे न पाहता मला म्हणाल्या, "सतीश, मले दवाखान्यात नेऊन सोड बाप्पा. याइले यायचं अशीन तं येतीन, नाही तं राहू दे घरी."

काका दाराच्या चौकटीत उभे होते. आत जाऊन त्यांनी कपडे बदलले आणि माझ्या गाडीत पुढे येऊन बसले.

ऑपरेशन सकाळचं ठरलं. आदल्या संध्याकाळी सर्जन भेटायला आले. तरुण, हसरा, घाईत नसलेला माणूस. त्यांनी प्लास्टिकचा एक गुडघा आणून सगळं समजावलं, कुठून उघडणार, काय काढणार, काय बसवणार. काकांनी तो प्लास्टिकचा गुडघा हातात घेतला, कानाशी नेला आणि वाकवून पाहिला.

"ह्याले ग्रीस लागते का?"

"नाही काका. काहीच लागत नाही."

"उघडणारा कोन?"

"मीच."

"अन् लावणारा?"

"तोही मीच."

"मंग मोजते कोन?"

डॉक्टर थबकले. मी काकांच्या वतीनं माफी मागायला तोंड उघडलं, पण डॉक्टर खुर्ची ओढून काकांसमोर बसले. "चांगलं विचारलं. मोजायला आमच्याकडे वेगळी सिस्टर असते. तिचं तेच काम. सुरू करायच्या आधी मोजते, बंद करायच्या आधी मोजते. तिनं बरोबर म्हटल्याशिवाय मी टाका घालत नाही."

"ते तुमच्याहून मोठी हाय का?"

"त्या वेळेपुरती, हो."

काकांनी मान हलवली. पण चेहरा काही मोकळा झाला नाही.

दुसऱ्या दिवशी काकूंना आत नेलं आणि आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. काकांचे हात इतके स्वच्छ मी पहिल्यांदाच पाहत होतो. नखांतलं काळंसुद्धा घासून काढलेलं होतं. रिकाम्या हातांचं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं. कधी गुडघ्यावर ठेवत, कधी बगलेत धरत. मी चहा आणला, तो तसाच राहिला.

मला ती शांतता सोसेना म्हणून मी म्हणालो, "काका, हे लोक रोज करतात हो हे. काही होत नाही."

"मीबी रोजच करतो ना गा," काका म्हणाले.

मी त्यांच्याकडे वळून पाहिलं.

"साऱ्याइले सांगतो, कंपनीवाले एक छर्रा जास्ती टाकते. कोनी टाकत नाही गा. माह्याच्यानं राहून जाते. कितीबी ध्यान देऊन लावलं तरी एखादा बाहेर राहूनच जाते. इतके वर्स झाले, एकबी वेळ पुरा बसला नाही." त्यांनी बंद दाराकडे पाहिलं. "सायकलचं चालून जाते. एखादा कमी असला तं चाक फिरते. पन हे... हे सायकल हाय का? हिचं काही बाहेर राहून गेलं तं मी कोनाले मागू?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. पोळा, मारबत, दिवाळी, ऊन, सगळं एवढ्यासाठी. या माणसाला जगातली एकच गोष्ट पक्की ठाऊक होती, की उघडलेलं पुन्हा पूर्वीसारखं बसत नाही. आपल्या हातानं त्यानं ती वाटीभर पुराव्यानिशी सिद्ध केली होती. आणि त्याच हिशेबानं तो साऱ्या दवाखान्याला मोजत होता. मला हसू आलं. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

दार उघडलं. डॉक्टर टोपी काढत बाहेर आले. काका उभे राहिले. डॉक्टर आपणहून म्हणाले, "काका, सिस्टरनं दोनदा मोजलं. सगळं बरोबर. काही उरलं नाही."

काका मटकन बाकावर बसले. मग हसायला लागले. आधी हळू, मग असे की पलीकडच्या बाकावरचे लोक पाहू लागले. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते त्यांनी माझ्याच रुमालानं पुसलं. गार झालेला चहा एका घोटात प्यायले आणि वर म्हणाले, "साखर कमी हाय." काका परत आले होते.

किती परत आले होते ते दुसऱ्या दिवशी कळलं. वॉर्डातल्या मावशी मला दारातच भेटल्या. "तुमचेच हो ना ते बाबा? सारा वॉर्ड खोबऱ्याच्या तेलानं वास मारून राहिला!" काकूंच्या पिशवीतली खोबरेल तेलाची बाटली रिकामी होती आणि त्या मजल्यावरची एकही चाकाची खुर्ची आवाज करत नव्हती. मावशी रागावल्या होत्या, पण जेवणाची गाडी ढकलताना म्हणाल्या, "आज हलकी चालून राहिली, हे मात्र खरं."

काकू घरी आल्या आणि आम्हाला वाटलं, झालं, संपलं. खरी कसोटी पुढेच होती. नवा गुडघा बसला होता, पण वाकायला तयार नव्हता. व्यायाम शिकवणारी मुलगी रोज यायची. गुडघा अर्ध्यापर्यंत यायचा आणि काकू किंचाळायच्या. दुखण्याच्या भीतीनं त्या पाय ताठ धरून बसू लागल्या. त्या मुलीनं शेवटी सांगितलं की या दिवसांतच वाकला तर वाकला. नाही तर गुडघा असाच आखडेल आणि पुन्हा भूल देऊन डॉक्टरांना तो वाकवावा लागेल. पुन्हा दवाखाना म्हटल्यावर काकू रडल्या. काका कोपऱ्यात उभे राहून ऐकत होते.

"सायकल चालवून पाहा," ती म्हणाली. "जागेवरची. पायडल पूर्ण गोल फिरलं की समजा जिंकलं."

सायकल म्हटल्यावर काका हातोडा-पाना घेऊन मागे जातील असं मला वाटलं. त्यांच्याकडे एक जुनी लेडीज सायकल होती. ती त्यांनी काढली, पुसली, पण उलटी केली नाही. हातानं ढकलत मला म्हणाले, "चाल गा, चौकात जाऊन येऊ." चौकातल्या सायकल दुरुस्तीवाल्याकडे त्यांनी ती उभी केली आणि म्हणाले, "तू उघड. मी पाहतो." आणि खरोखरच दुपारभर तिथे स्टुलावर बसून नुसते पाहत राहिले. दुकानदाराला वाटलं, म्हाताऱ्याची तब्येत बरी नाही. काहीच उरलं नाही हे पाहिल्यावर मगच उठले. स्टँड मात्र त्यांनी स्वतः केला. वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी चौकट आणली, मागचं चाक अधांतरी उचललं आणि अंगणात कडुनिंबाखाली ती सायकल पक्की बसवली.

पुढचे काही दिवस संध्याकाळी मी ऑफिसातून आलो की भिंतीपलीकडून त्यांचा आवाज यायचा. काकू लुगड्याचा काष्टा मारल्यासारखं पातळ खोचून सायकलवर बसायच्या आणि काका सीट धरून उभे. पायडल अर्ध्यापर्यंत पुढे जायचं, तिथून मागे. पुढे, मागे. वरचा टप्पा काही ओलांडायचं नाही.

त्या दिवशी मी बर्फ घेऊन गेलो होतो. काकूंच्या गुडघ्याला लावायला तो लागायचा. काका तो फोडायला आत गेले, तेव्हा काकू सीटवर बसून दम खात होत्या.

"काकू, काकांना हे सायकलचं वेड कधीपासून?" मी सहज विचारलं.

"वेड?" काकू आतल्या दाराकडे पाहत हळू आवाजात म्हणाल्या. "लग्नापासून यानं पाना हाती धरला नव्हता रे. बल्ब लावाले शेजारच्याले बोलावे. माहा गुडघा पहिल्या वेळेस दाखवला ना, तवा डॉक्टर बोलला, बाई, तुमच्या सांध्यातलं वंगण आटलं, आता काही होत नाही. घरी आला, जेवला नाही. दुसऱ्या दिवशी पाहते तं अंगणात सायकल उलटी, अन् हा छर्रे पेपरवर मांडून बसला. मले वाटलं बुढ्याचं डोस्कं फिरलं." त्या थांबल्या. "रातच्याले झोपल्यावर माह्या गुडघ्यावर हात ठेवून राहे. मी झोपलीच नसायची. मी काही बोलत नव्हती."

मी मान खाली घातली. इतकी वर्षं मी या माणसावर हसत होतो, आणि तो उघडता न येणाऱ्या एका सांध्याचं दुःख गावच्या सायकलींवर काढत होता.

काका बर्फाची पिशवी घेऊन बाहेर आले. "बस झालं वं आता. उद्या पाहू."

"थांबा जी, अजून एक," काकू म्हणाल्या. त्यांनी दात आवळले आणि पाय रेटला. पायडल अर्ध्यावर गेलं, अडलं, काकूंनी डोळे घट्ट मिटले, आणि पाय वरून पलीकडे गेला. पायडल खाली आलं. मागचं चाक अधांतरी गरगर फिरू लागलं.

काकूंनी डोळे उघडून आधी आपल्या पायाकडे पाहिलं, मग पुन्हा रेटला. पुन्हा फिरला. आता त्या हसत होत्या, रडतही होत्या आणि पाय फिरवतच होत्या. "गेला जी! पाहा ना, गेला!"

काकांच्या हातातली बर्फाची पिशवी गळत होती. त्यांचा लेंगा भिजला होता, त्याचं त्यांना भान नव्हतं. ते सायकलसमोर उकिडवे बसले. चाक समोर फिरत होतं, पण त्यांनी तिकडे पाहिलंही नाही. त्यांची नजर काकूंच्या पायाबरोबर वर जात होती, खाली येत होती.

"अजी, रडून काहून राहिले? उतरू का आता?" काकूंनी विचारलं.

"नको," काका म्हणाले. "दमली नसशीन तं थांबू नको वं. मी पाहून राहिलो."